तपकिरी तुडतुडे व इंडोनेशियातील एकात्मिक भात कीड नियंत्रण

भातपिकावरील किडींचे नियंत्रण केवळ रासायनिक कीटकनाशकांवर न सोपविता प्रतिकारक्षम वाण, मशागतीच्या पद्धती, किडींचे नैसर्गिक शत्रू आणि अगदी गरजेपुरती कीटकनाशके यांचा मेळ घालून करण्याच्या पद्धतीस एकात्मिक कीड नियंत्रण म्हणतात. या पद्धतीची सर्वांत मोठी कसोटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंडोनेशियात लागली. तेथे तपकिरी तुडतुड्यांच्या उपद्रवाने देशाचे अन्नधान्य धोरणच बदलण्यास भाग पाडले. ज्या कीटकनाशकांचा वापर किडीच्या नाशासाठी केला जात होता तीच किडीच्या वाढीस कारणीभूत ठरत आहेत, असे या प्रकरणात सिद्ध झाले. त्यामुळे कृषी कीटकशास्त्राच्या इतिहासात या प्रकरणाला महत्त्वाचे स्थान आहे.

कीटकाचे स्वरूप : तपकिरी तुडतुड्याचे शास्त्रीय नाव निलपर्वता ल्यूजेन्स असे आहे. प्रौढ कीटक सु. ३ ते ४ मिमी. लांब व तपकिरी रंगाचा असतो. प्रौढ व पिले भाताच्या चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, दाटीने राहून रस शोषतात. संख्या फार वाढली म्हणजे चूड पिवळा पडतो, मग वाळून तपकिरी होतो. उपद्रवाची सुरुवात खाचरात ठिकठिकाणी होते व ती वर्तुळाकार पसरत जाते. त्यामुळे आगीने होरपळल्यासारखे गोल पट्टे पिकात दिसतात. याशिवाय हा कीटक भातावरील खुजेपणाच्या दोन विषाणुजन्य रोगांचाही प्रसार करतो.

या कीटकाच्या जीवनक्रमातील दोन गोष्टी नियंत्रणाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे मादी आपली अंडी पर्णावरणाच्या पेशीजालात खुपसून घालते. त्यामुळे वरून फवारलेले औषध अंड्यांपर्यंत पोचत नाही. दुसरी गोष्ट अशी, की प्रौढ कीटक लांब पंखांचे व आखूड पंखांचे अशा दोन प्रकारचे असतात. लांब पंखांचे कीटक वाऱ्याबरोबर दूरवर जाऊन नवीन खाचरांत उतरतात, तर आखूड पंखांच्या माद्या जागीच राहून मोठ्या संख्येने अंडी घालतात. उष्ण प्रदेशात एक पिढी साधारणपणे एका महिन्यात पुरी होते. त्यामुळे एका हंगामात तीन-चार पिढ्या होऊ शकतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : जपानमध्ये तुडतुड्यांचा उपद्रव फार जुना आहे. थंडीत तेथे हा कीटक तग धरू शकत नाही. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीस दक्षिणेकडून वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून तो तेथे येतो. १७३२ सालच्या पश्चिम जपानमधील भीषण दुष्काळास तुडतुडेच मुख्यतः कारणीभूत झाले होते. खाचरातील पाण्यावर देवमाशाचे तेल पसरायचे व रोपे झोडपून कीटक त्या तवंगात पाडायचे, असा उपाय तेथील शेतकरी करीत असत. दक्षिण व आग्नेय आशियातील उष्ण प्रदेशात मात्र हा कीटक आढळत असला, तरी १९६५ पूर्वी त्याची गणना दुय्यम किडींतच होत असे. खोडकिडा हीच तेथील शेतकऱ्यांची खरी चिंता होती.

ही परिस्थिती हरितक्रांतीबरोबर बदलली. फिलिपीन्समधील लॉस बान्योस येथे १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली व १९६६ मध्ये तिने आयआर ८ हा बुटका, भरपूर उत्पन्न देणारा वाण प्रसृत केला. पाच-सहा महिन्यांत तयार होणाऱ्या जुन्या वाणांच्या जागी चार महिन्यांत वा त्याहून लवकर तयार होणारे नवे वाण आले. कालव्यांच्या पाण्यावर वर्षातून दोन, कोठे कोठे तीन पिके निघू लागली. त्यामुळे तुडतुड्यांना वर्षभर अखंड खाद्य मिळू लागले. नत्रयुक्त खतांनी पीक लुसलुशीत व दाट होऊ लागले, हेही त्यांच्या पथ्यावर पडले. तथापि केवळ या कारणांनी पुढील महाप्रकोपांची पूर्ण उपपत्ती लागत नाही.

इंडोनेशियातील प्रकोप : इंडोनेशियात भाताला केवळ अन्नाचे नव्हे, तर राजकीय स्थैर्याचेही महत्त्व होते. १९६० नंतरच्या दशकात तांदळाच्या टंचाईची व महागाईची झळ त्या देशाने सोसली होती. म्हणून सुहार्तो यांच्या राजवटीने तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्णता हे आपले प्रमुख उद्दिष्ट ठरविले. ‘बिमास’ या व्यापक मार्गदर्शन योजनेखाली शेतकऱ्यांना सुधारित बियाणे, खते व कीटकनाशके एकत्रितपणे कर्जाऊ देण्यात येत. कीटकनाशक हे या संचाचे अविभाज्य अंग होते. कीड असो वा नसो, ठराविक दिवसांनी फवारणी करावी, असा सल्ला दिला जाई. १९६८ ते १९७० या काळात तर परदेशी कंपन्यांशी करार करून जावा बेटावरील विस्तीर्ण भातक्षेत्रावर विमानांतून फवारणी करण्यात आली.

याच सुमारास तुडतुड्यांचा उपद्रव वाढू लागला. संशोधन संस्थेने प्रतिकारक्षम वाण काढून त्याला तोंड देण्याचा प्रयत्न केला. १९७३ मध्ये आलेल्या आयआर २६ या वाणात तुडतुड्यांना रोखणारा एक जनुक होता. हा वाण इंडोनेशियात झपाट्याने पसरला, परंतु दोन-तीन वर्षांतच त्यावर पोसणारा तुडतुड्यांचा नवा जैव प्रकार निर्माण झाला. १९७६-७७ मध्ये सु. साडेचार लाख हेक्टर क्षेत्र या किडीने ग्रासले. लक्षावधी लोकांना वर्षभर पुरेल एवढा तांदूळ नष्ट झाला. १९७७ च्या सुमारास इंडोनेशियाला सु. २० लाख टन तांदूळ आयात करावा लागला व जगातील सर्वांत मोठा तांदूळ आयातदार देश म्हणून त्याची गणना होऊ लागली.

त्यानंतर १९७६ साली प्रसृत झालेल्या आयआर ३६ या वाणाने देशाला तारले. मूळचे पंजाबातील भात पैदासतज्ञ गुरुदेव सिंग खुश यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या वाणात प्रतिकाराचा वेगळा जनुक होता. शिवाय तो सु. ११० दिवसांत तयार होई. पुढे आशियात तो फार मोठ्या क्षेत्रावर लावला गेला. इंडोनेशियाचे उत्पादन वाढत जाऊन १९८४ मध्ये देश तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. १९८५ मध्ये सुहार्तो यांनी रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या परिषदेपुढे या यशाचा गौरवाने उल्लेख केला. मात्र त्याच वेळी कीटकनाशकांवरील सरकारी अर्थसाहाय्यही वाढत गेले होते. शेतकऱ्याला औषध त्याच्या खऱ्या किंमतीच्या सु. एक-पंचमांश किंमतीत मिळे व उरलेला भार, दर वर्षी १० कोटी डॉलरांहून अधिक, सरकारी तिजोरीवर पडे. स्वयंपूर्णतेचा आनंद ओसरतो न ओसरतो तोच १९८५-८६ मध्ये जावात तुडतुड्यांनी पुन्हा डोके वर काढले.

कारणमीमांसा : औषधे वाढली तशी कीडही वाढली, या विसंगतीचा उलगडा फिलिपीन्समधील व इंडोनेशियातील संशोधनाने केला. पीटर केनमोर या अमेरिकन परिस्थितिवैज्ञानिकांनी १९७५ नंतर फिलिपीन्समधील खाचरांत तुडतुड्यांची व त्यांच्या शत्रूंची पद्धतशीर मोजणी केली. न फवारलेल्या खाचरांत तुडतुड्यांची संख्या मर्यादेत राहत असे. फवारलेल्या खाचरांत मात्र ती शेकडो पटींनी वाढे. ई. ए. हाइनरिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत केलेल्या प्रयोगांतही मिथिल पॅराथिऑन, डायझिनॉन, डेल्टामेथ्रिन यांसारख्या औषधांच्या फवारणीनंतर तुडतुड्यांचे पुनरुत्थान होते, असे दिसून आले.

याचे मुख्य कारण नैसर्गिक शत्रूंचा नाश हे होते. भाताच्या खाचरात तुडतुड्यांवर जगणारे अनेक प्राणी असतात. लांडगा कोळी चुडांच्या बुंध्याशी हिंडून दररोज अनेक तुडतुडे खातो. पाण्याच्या पृष्ठभागावर धावणारे लहान ढेकूणवर्गीय कीटक खाली पडलेल्या पिलांना पकडतात. सिर्टोऱ्हायनस हा हिरवा ढेकूण पर्णावरणातील अंडी शोधून शोषतो. सूक्ष्म परजीवी गांधिलमाश्या अंड्यांत आपली अंडी घालतात. चतुर, टाचणी, ढालकिडे यांचाही यात वाटा असतो. व्यापक परिणामाचे औषध फवारले म्हणजे हे सर्व मरतात, परंतु पर्णावरणातील तुडतुड्यांची अंडी सुरक्षित राहतात. आठवड्याभराने त्यांतून बाहेर पडणाऱ्या पिलांना शत्रूच उरत नाही. शत्रूंची संख्या पूर्ववत् होण्यास वेळ लागतो, तुडतुड्यांची मात्र एका महिन्यात नवी पिढी तयार होते. संख्या वाढली म्हणून शेतकरी पुन्हा फवारणी करतो व हे दुष्टचक्र चालू राहते. प्रतिकारक्षम वाण निष्प्रभ होण्यासही ही गोष्ट साह्यभूत झाली, कारण शत्रूंच्या अभावी प्रचंड संख्येने वाढणाऱ्या तुडतुड्यांत नव्या वाणावर जगू शकणाऱ्या कीटकांची निवड वेगाने होई.

एक प्रश्न मात्र शिल्लक होता. लावणीनंतर पहिले काही आठवडे खाचरात तुडतुडे जवळजवळ नसतातच. मग त्यांच्यावर जगणारे कोळी आधीपासून तेथे कसे? विल्यम सेटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जावात केलेल्या अभ्यासाने, जो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, याचे उत्तर दिले. खाचरातील चिखलात कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यावर व पाण्यातील सूक्ष्मजीवांवर चिलटांसारखे असंख्य निरुपद्रवी कीटक वाढतात. हंगामाच्या आरंभी कोळी व इतर भक्षक या कीटकांवर पोसले जातात आणि तुडतुडे येऊन पोचतात तेव्हा ते सज्ज असतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीची फवारणीच सर्वांत घातक ठरते. तिने कीड मरत नाही, कारण ती आलेलीच नसते. मरतात ते राखणदार.

१९८६ चा आदेश : कीड व तिचे शत्रू यांचा एकत्र विचार करावा, ही कल्पना नवी नव्हती. व्हर्नन स्टर्न, रे स्मिथ, रॉबर्ट व्हॅन डेन बॉश व केनेथ हेगन या कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये एकात्मिक नियंत्रणाची संकल्पना मांडली होती. किडीमुळे होणारे नुकसान नियंत्रणाच्या खर्चाहून अधिक होण्याचा संभव असेल, तेव्हाच औषध वापरावे, हे तिचे सूत्र होते. अन्न व कृषी संघटनेने १९८० मध्ये भारतासह आशियातील सात देशांसाठी भात कीड नियंत्रणाचा आंतरदेशीय कार्यक्रम सुरू केला व केनमोर त्यात कार्य करू लागले. इंडोनेशियात इडा न्योमन ओका व गाजा मादा विद्यापीठातील कासुंबोगो उंतुंग यांसारखे शास्त्रज्ञ हाच विचार मांडत होते. तथापि कृषी खात्यात कीटकनाशकांच्या वाटपाची यंत्रणा खोलवर रुजली होती. राष्ट्रीय नियोजन मंडळातील अर्थतज्ञांना वाढत्या अर्थसाहाय्याची चिंता होती. शास्त्रज्ञांचे म्हणणे व अर्थतज्ञांची निकड यांचा येथे संयोग झाला.

५ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी १९८६ चा आदेश क्रमांक ३ काढला. त्यान्वये ५७ कीटकनाशक उत्पादनांचा भातावरील वापर बंद करण्यात आला. एकात्मिक कीड नियंत्रण हे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारण्यात आले. कीटकांच्या कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणणाऱ्या ब्युप्रोफेझिनासारख्या, भक्षकांना त्या मानाने कमी अपायकारक असलेल्या मोजक्या औषधांचा वापर चालू राहिला. कीड निरीक्षकांची संख्या वाढविण्यात आली. पुढे कीटकनाशकांवरील अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने कमी करून जानेवारी १९८९ मध्ये ते पूर्णपणे बंद करण्यात आले.

औषधे कमी केल्यास उत्पादन घसरेल, ही भीती खरी ठरली नाही. पुढील काही वर्षांत भातावरील कीटकनाशकांचा वापर निम्म्याहून अधिक घटला. भाताचे उत्पादन मात्र १९८६ मधील सु. ३ कोटी ९७ लाख टनांवरून १९९० मध्ये सु. ४ कोटी ५२ लाख टनांवर गेले. या वाढीचे श्रेय एकट्या कीड नियंत्रणाला देता येत नाही, कारण सिंचन, खते व नवे वाण यांचाही त्यात वाटा होता. कीटकनाशकांच्या सार्वत्रिक वापरावाचून उत्पादन वाढू शकते, एवढे मात्र यावरून निर्विवादपणे सिद्ध झाले.

धोरणाची खरी परीक्षा १९८९-९० मध्ये झाली. पश्चिम जावाच्या उत्तर किनारपट्टीवर पांढऱ्या खोडकिड्याने मोठ्या क्षेत्राचे नुकसान केले व जुन्या औषधांवरील बंदी उठविण्यासाठी दडपण आले. या किडीची अळी खोडात शिरल्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही. पुढील हंगामात हजारो शेतकरी व विद्यार्थी यांच्या साह्याने रोपवाटिकांतील अंडीपुंज हातांनी वेचण्यात आले. कीड आटोक्यात आली आणि बंदीही टिकली.

शेतीशाळा : कोणते औषध वापरू नये, हे आदेशाने सांगता येते; परंतु खाचरात काय चालले आहे, हे शेतकऱ्याने स्वतःच पाहावे लागते. या विचारातून १९८९ मध्ये शेतीशाळांचा उपक्रम सुरू झाला. सु. २५ शेतकऱ्यांचा एक गट हंगामभर आठवड्यातून एकदा खाचरात जमे. सदस्य लहान तुकड्यांनी ठराविक चूड तपासून कीटक, कोळी, फुटवे, पाण्याची स्थिती यांची नोंद करीत. नंतर मोठ्या कागदावर चूड व त्यावरील कीटक यांची चित्रे काढून, एका बाजूस किडी व दुसऱ्या बाजूस त्यांचे शत्रू दाखवून, फवारणी करावी की नाही याची चर्चा होई. निर्णय शेतकरीच घेत. प्रशिक्षकाने उत्तर न देता प्रतिप्रश्न विचारावा, अशी पद्धत होती.

शेजारी-शेजारी दोन तुकडे ठेवून एकात नेहमीप्रमाणे फवारणी व दुसऱ्यात निरीक्षणानुसार व्यवस्था केली जाई. जाळीच्या पिंजऱ्यात कोळी व तुडतुडे एकत्र ठेवून कोण कोणाला खातो, हे पाहिले जाई. लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत कात्रीने पाने कापून टाकली, तरी नवे फुटवे येऊन उत्पन्न घटत नाही, हा प्रयोग विशेष परिणामकारक ठरला. पाने कुरतडलेली पाहून घाईने फवारणी करण्याची सवय त्यामुळे सुटे. राष्ट्रीय कार्यक्रम १९९९ मध्ये संपला, तोवर सु. दहा लाख शेतकऱ्यांनी हे प्रशिक्षण घेतले होते. १९९२ च्या पीक लागवडविषयक कायद्याने पीक संरक्षण एकात्मिक पद्धतीनेच करावे, असे तत्त्वही घालून दिले.

इतर देशांतील प्रसार : शेतीशाळांची पद्धत पुढे आशिया व आफ्रिकेतील अनेक देशांनी उचलली. व्हिएटनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशात १९९४ पासून वेगळा मार्ग अवलंबिण्यात आला. पहिल्या ४० दिवसांत फवारणी करू नका, एवढाच एक साधा संदेश आकाशवाणीवरील नाटुकली, भित्तिपत्रे व पत्रके यांद्वारे पसरविण्यात आला. फवारण्यांची हंगामी संख्या तीनपेक्षा अधिक होती, ती निम्म्याच्या आसपास आली.

भारतात १९७३-७४ मध्ये केरळातील कुट्टनाड भागात तपकिरी तुडतुड्यांचा मोठा प्रकोप झाला. त्यानंतर देशातील इतर भातक्षेत्रांतही ही कीड महत्त्वाची मानली जाऊ लागली. एकात्मिक कीड नियंत्रण हे पीक संरक्षणाचे तत्त्व म्हणून भारत सरकारने १९८५ मध्ये स्वीकारले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९८८ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन केले. महाराष्ट्रात कोकण व पूर्व विदर्भ ही प्रमुख भातक्षेत्रे आहेत. तेथे खोडकिडा, गादमाशी, पाने गुंडाळणारी अळी, लष्करी अळी व तुडतुडे या मुख्य किडी होत. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून खोडकिड्याचे अंडीपुंज नष्ट करणे, कापणीनंतर नांगरट करून धसकटे नष्ट करणे, दाट लावणी टाळणे, नत्र हप्त्यांनी देणे, खाचरातील पाणी अधूनमधून काढून टाकणे, पक्षिथांबे उभारणे व ट्रायकोग्रामा या परजीवी कीटकाची अंडी सोडणे हे उपाय येथे सुचविले जातात. शेतीशाळा हा शब्दही राज्याच्या कृषी विस्तार कार्यात रूढ झाला आहे.

मूल्यमापन : इंडोनेशियातील यश निर्भेळ वा चिरस्थायी होते, असे म्हणता येत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गेर्शन फेडर व त्यांच्या सहकाऱ्यांना शेतीशाळांचा उत्पन्नावर किंवा कीटकनाशकांच्या वापरावर लक्षणीय परिणाम आढळला नाही. शिकलेल्या शेतकऱ्याचे ज्ञान शेजाऱ्यापर्यंत सहसा पोचत नाही, असाही त्यांचा निष्कर्ष होता. इतर अभ्यासांत प्रशिक्षित शेतकऱ्यांनी फवारण्या कमी केल्याचे दिसून आले आहे. वादाचा मुद्दा पद्धतीच्या उपयुक्ततेपेक्षा तिचा प्रसार व खर्च हा आहे.

१९९८ मध्ये सुहार्तो यांची राजवट कोसळल्यानंतर धोरणाची अंमलबजावणी सैल झाली. कीटकनाशकांचा बाजार खुला होऊन नोंदलेल्या उत्पादनांची संख्या अनेक पटींनी वाढली. प्रशिक्षित कीड निरीक्षक विखुरले गेले. इमिडाक्लोप्रिडसारख्या नव्या औषधांनाही तुडतुडे २००० नंतरच्या दशकात दाद देईनासे झाले. २००९ ते २०११ या काळात थायलंडमध्ये आणि २०१०-११ मध्ये जावात पुन्हा मोठे प्रकोप झाले. त्यांची कारणे १९७७ व १९८६ मधील कारणांहून फारशी निराळी नव्हती. तुडतुड्यांचे शत्रू खाचरात आपण होऊन येतात, परंतु त्यांना राहू द्यावयाचे की नाही, हा निर्णय दर हंगामात नव्याने घ्यावा लागतो. तो निर्णय औषधांच्या किंमतीवर, विक्रेत्याच्या सल्ल्यावर व शासनाच्या धोरणावर जेवढा अवलंबून असतो, तेवढाच तो बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या निरीक्षणावरही अवलंबून असतो.